कॉलेजात कोणी धमकी देतंय, मागं लागलंय असं कानावर आलं तर काय करायचं: तालुक्याच्या कॉलेजसाठी पायरी-पायरीनं

कॉलेजात काही भयंकर घडलं की दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, "असं काही होईल वाटलंच नव्हतं", आणि अर्ध्या तासानं बाहेरच्या टपरीवर, "अरे थो तर महिनाभरापासून तिच्या मागंच होता ना बापा." दोन्ही वाक्यं खरी असतात. टपरीवर जे माहीत होतं ते केबिनपर्यंत पोचलंच नाही, आणि ते वेळेत पोचवायचं कसं, पोचल्यावर करायचं काय, एवढंच मला इथं सांगायचंय, पण नीट सांगायचंय म्हणून लेख लांबणार.

हिंगणघाट विदर्भात कोणाला सांगायला नको. ३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ, एक तरुण प्राध्यापिका गावाहून बसनं आली, उतरली, कॉलेजकडं पायी निघाली आणि नांदोरी चौकात तिच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवलं. १० फेब्रुवारीला नागपुरात ती गेली. पेटवणारा तिच्याच गावचा, आधीपासून त्रास देणारा. २०२२ च्या फेब्रुवारीत कोर्टानं त्याला जन्मठेप दिली. आपल्यासारख्या कॉलेजांनी यातून एक गोष्ट धरून ठेवावी असं मला वाटतं, की हे कॉलेजच्या गेटच्या आत झालंच नाही, बसस्टॉप ते कॉलेज या रस्त्यावर झालं. आपली पोरंपोरी वीस-पंचवीस किलोमीटरवरून एसटीनं, काळीपिवळीनं येतात, त्यामुळं गेटवर सीसीटीव्ही लावला आणि आयकार्ड तपासलं म्हणजे सुरक्षा झाली असं धरून चालत नाही.

दुसरं उदाहरण लांबचं आहे पण यातलं बहुतेक काम तिथूनच शिकलं गेलंय. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना मारलं. नंतर चौकशी समितीनं पाहिलं तर त्याच्या लिखाणानं शिक्षक घाबरले होते, मुलींनी कॅम्पस पोलिसांकडं तक्रारी केल्या होत्या, होस्टेलवाल्यांना त्याचं वागणं खटकत होतं, समुपदेशन केंद्रालाही तो माहीत होता, पण प्रत्येकाकडं एकेक तुकडा, आणि गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून कोणी कोणाला काही सांगितलं नाही. २००८ मध्ये व्हर्जिनिया राज्यानं कायदाच केला की सरकारी कॉलेजांत अशा धोक्याचा अंदाज घेणारी टीम असलीच पाहिजे. त्याआधी तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला होता (१९७४ ते २००० मधले, अहवाल २००२ चा), त्यात ८१ टक्के घटनांमध्ये निदान एका माणसाला तरी आधी माहीत होतं, आणि ज्याच्यावर हल्ला करायचा त्याला थेट धमकी दिली होती फक्त १७ टक्के घटनांत. आपल्याकडं बंदूक नसते, कोयता, चाकू, पेट्रोल असतं, पण मित्राला आधी बोलून दाखवणं, स्टेटसला टाकणं हे इथंही तसंच दिसतं.

आधी चार-पाच माणसं ठरवा

अंतर्गत तक्रार समिती आहे, अँटी-रॅगिंग समिती आहे, विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिन्हींचे बोर्ड कॉरिडॉरमध्ये आहेत, नॅकच्या फाइलमध्ये मीटिंगचे कागदही आहेत. अडचण अशी की या समित्या तक्रार आल्यावर हलतात, आणि एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून नवी मोठी समिती नको, आहे त्यातूनच एकेक माणूस घेऊन छोटा गट, म्हणजे आपली टीम, करा. अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष मॅडम, होस्टेल असेल तर वॉर्डन, रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कार्यक्रम अधिकारी (हा पोरांसोबत सात दिवस कॅम्पला राहतो, त्याला गावागावातलं माहीत असतं), आणि निर्णय घेऊ शकेल असा एक, प्राचार्य किंवा उपप्राचार्य. पाचवा माणूस मी ऑफिसमधला किंवा शिपाईवर्गातला घ्या म्हणेन, ज्याच्याशी पोरं मोकळं बोलतात असा. काही प्राचार्यांना हे पटत नाही, शिपाई मीटिंगला कसा बसेल म्हणतात, पण गेटवर रोज कोण उभा राहतो, कोणाची गाडी विनानंबरची आहे, हे प्राचार्यांना माहीत नसतं आणि त्याला असतं.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना विसरू नका. वयानं जवळ असल्यामुळं पोरी आधी त्यांनाच सांगतात, आणि ते पुढं सांगायला घाबरतात कारण पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही याचा भरवसा नसतो. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायला हवं की अशी माहिती देणाऱ्याला त्याचा त्रास होणार नाही, आणि मग तसं वागायलाही हवं.

समुपदेशक कुठून आणायचा हा प्रश्न येतोच. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जे निर्देश दिले त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं म्हटलंय, त्याहून छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. म्हणजे आपलं जवळपास प्रत्येक कॉलेज पहिल्या गटात येतं. संस्थेकडं पत्र द्या, तोवर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांशी ओळख करून ठेवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टीममधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे.

कानावर येईल अशी सोय

तक्रारपेटी भिंतीला असते आणि किल्ली कोणाकडं आहे हे कोणालाच माहीत नसतं. पेटी ठेवायची असेल तर ती ऑफिसच्या दारात आणि सीसीटीव्हीसमोर नको, मुलींच्या कॉमन रूममध्ये, लायब्ररीच्या आतल्या बाजूला ठेवा, आणि आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी ती उघडायचीच. पण खरं काम माणसं करतात. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गात दहा मिनिटं जाऊन टीममधल्या दोघांनी तोंड दाखवा, नंबर फळ्यावर लिहा आणि साध्या शब्दांत सांगा की मित्र काही भलतंसलतं बोलत असेल तर आम्हाला सांगणं ही चुगली नाही, त्याच्यावर लगेच केस होणार नाही, आधी आम्ही त्याच्याशी बोलणार. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण पोरं गप्प बसतात ती मित्राचं करिअर बरबाद होईल या भीतीनं.

कॉलेजच्या बाहेरही कान पाहिजेत. बसस्टँडवरचा कंट्रोलर, सकाळच्या गाडीचा कंडक्टर, झेरॉक्सवाला, मेसवाल्या काकू, आणि ज्या गावांतून जास्त पोरी येतात तिथले पोलीस पाटील. बारावीपर्यंतच्या मुली मानव विकासच्या निळ्या बसनं येतात, त्या बसमध्ये कोणी पोरगा रोज घुसतोय, किंवा मोटरसायकल लावून बसच्या मागं येतोय, हे सगळ्यात आधी ड्रायव्हर-कंडक्टरला दिसतं. त्यांच्याकडून काही लिहून घ्यायचं नाही, एक नंबर द्यायचा आणि "काही वाटलं तर फोन करा भाऊ" एवढंच.

काय पाहायचं आणि काय नाही पाहायचं

चेहऱ्यावरून, कपड्यावरून, जातीवरून, गावावरून, गप्प राहतो म्हणून, मनोविकाराची गोळी चालू आहे म्हणून कोणाला धोकादायक ठरवायचं नाही. असा काही ठरलेला नमुना नसतो हे सगळ्या अभ्यासांत परत परत आलंय, आणि मानसिक आजार असलेले बहुतेक लोक कोणाला हात लावत नाहीत. आपल्याकडं यात जात लगेच घुसते, "त्या वस्तीतली पोरं अशीच" हे वाक्य टीमच्या मीटिंगमध्ये आलं तर तिथंच थांबवा.

पाहायचं ते वागणं, आणि त्यात होणारा बदल. तो तिचं टाइमटेबल विचारतोय, ती कोणत्या गाडीनं जाते ते विचारतोय. नवीन सिम घेऊन परत परत फोन करतोय. कोयत्याचा फोटो, "आता फक्त एकच शेवट" छाप स्टेटस, आणि ते स्टेटस ठराविक एकाच माणसाला दिसेल असं टाकलेलं. "माझी नाही तर कोणाचीच नाही" हे हसत बोललेलं असलं तरी. पूर्वीच्या कुठल्या हल्ल्याचं कौतुक करणं. वर्गात येणारा अचानक बंद होणं, उधारी चुकवून टाकणं, आवडीची वस्तू मित्राला देऊन टाकणं. हे शेवटचं आत्महत्येचंही लक्षण आहे, आणि ही दोन प्रकरणं वेगळी धरू नका, स्वतःला संपवायला निघालेला माणूस कधीकधी दुसऱ्यालाही सोबत घेऊन जायचं ठरवतो. "आता माझ्याजवळ काही उरलंच नाही" हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलं तर ते त्याच दिवशी टीमकडं गेलं पाहिजे.

परीक्षेत कॉपी पकडल्यावर "बाहेर भेटा सर" म्हणणारी पोरं दरवर्षी असतात. त्यातली बरीच संध्याकाळपर्यंत थंड होतात, पण नोंद प्रत्येकाची करा, कारण तेच नाव चार महिन्यांनी दुसऱ्या कागदावर दिसलं तर चित्र बदलतं.

पहिल्या तासात

हत्यार दिसलं, किंवा "तो आत्ता चौकात उभा आहे" असा फोन आला, तर मीटिंग नाही, चर्चा नाही, ११२ लावा. पोराची बॅग हिसकायला, त्याला पकडायला शूर प्राध्यापकांनी जाऊ नये. ज्याच्यावर रोख आहे त्याला आतल्या खोलीत न्या, सोबत माणूस ठेवा, मागच्या दारानं एकटीला घरी पाठवू नका. बघ्यांची गर्दी हटवा, मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांना आधी हटवा.

तेवढी घाई नसेल तर माहिती आणणाऱ्याला शांतपणे बसवून त्याचेच शब्द, जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून घ्या. "त्रास देतो" असं लिहू नका, काय बोलला ते लिहा. मेसेज, रील, कॉल लॉग डिलीट करू नका असं मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना सांगा, स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोन जपा, नंतर पुरावा म्हणून तोच लागतो. आणि स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं एक अक्षर टाकायचं नाही, तालुक्याच्या गावात ते दहा मिनिटांत त्या पोरापर्यंत जातं.

घरी कळवायचं का

इथं मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं. कॉलेजची पहिली प्रतिक्रिया असते "मुलीच्या वडलांना बोलवा." वडील येतात, मान खाली घालून ऐकतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी कॉलेजला येत नाही, दिवाळीनंतर तिचं लग्न. त्रास देणारा मात्र वर्गात बसलेला. पुढच्या पोरीनं हे पाहिलेलं असतं, ती मग कोणाला काही सांगत नाही, आणि टीमचा कान तिथंच बंद होतो.

मुलगी अठरा पूर्ण असेल तर आधी तिला विचारा, घरात कोणाला सांगायचं, आईला की मोठ्या भावाला की मामाला, कोण समजून घेईल, आणि तू सांगशील की आम्ही सोबत येऊ. धोका अगदी जवळ दिसत असेल तर घरच्यांना अंधारात ठेवून चालत नाही, पण तेव्हाही घरच्यांसमोर कॉलेजच्या मॅडमनी हे वाक्य बोललंच पाहिजे की हिची काही चूक नाही आणि हिचं शिक्षण थांबणार नाही, तशी सोय आम्ही केली आहे.

आणि काही वेळा धोका घरातूनच असतो. जातीबाहेरचं प्रेम आहे, भाऊ, काका कॉलेजात येऊन वर्गाबाहेर उभे राहतायत, अशा वेळी "पालक आहेत" म्हणून मुलीला त्यांच्या हवाली करणं म्हणजे तिला संकटात ढकलणं. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवायला सांगितलंय. एसपी ऑफिसमध्ये तो कोणाकडं आहे, भरोसा सेल (महिला-मुलांच्या तक्रारींसाठीचा पोलिसांचा कक्ष) आहे का, हे वेळ येण्याआधीच विचारून ठेवा.

अकरावी-बारावी त्याच इमारतीत असते हे लक्षात ठेवा. अठराच्या आतल्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होऊ शकतो असं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हाच गुन्हा, तिथं "आपसात मिटवू" हा पर्यायच नाही.

तुकडे एका टेबलावर

समजा असं प्रकरण आहे. बीएस्सी दुसऱ्या वर्षाची मुलगी मॅडमना सांगते की वर्गातला एक जण सारखा मेसेज करतो, ब्लॉक केलं तर नवीन नंबरवरून करतो. एवढंच पाहिलं तर प्रकरण साधं वाटतं, समज देऊन सोडलं असतं. टीम बसते. वॉर्डन सांगतात, तो होस्टेलला होता, दोन महिन्यांपूर्वी खोली सोडली, रूममेटशी भांडण झालं होतं. क्लार्क सांगतो, त्याचे तीन विषय राहिलेत आणि या वेळी त्यानं परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. रासेयोचे सर त्याच्या गावचे, त्यांना माहीत की यंदा सोयाबीन गेलं, बापानं बैलजोडी विकली, घरात रोज कटकट. गेटवरचे शिपाई भाऊ सांगतात, तो हल्ली वर्गात जातच नाही, साडेदहाला येऊन समोरच्या पानठेल्यावर बसतो आणि साडेचारची गाडी सुटली की जातो. साडेचारची गाडी तिची आहे.

यातलं एकही वाक्य एकटं फार मोठं नाही. पण पाच जणांची वाक्यं शेजारी-शेजारी लिहिली की दिसतं, पोराचे एकेक आधार सुटत चाललेत आणि लक्ष एकाच माणसावर गोळा होतंय.

आता अंदाज घेताना स्वतःला विचारायचं. त्याला नेमका राग कशाचा आहे, आणि तो मिटण्यासारखा आहे का. कोणाला काही बोलून दाखवलंय का. नुसतं बोलतोय की काही तयारीही करतोय, तिची वेळ पाहणं, रस्ता पाहणं, पेट्रोल, हत्यार. त्याच्याकडं दुसरा मार्ग उरलाय असं त्याला वाटतं का. त्याचं ऐकणारा कोणी आहे का, आई, मोठा भाऊ, क्रिकेटच्या टीमचा कॅप्टन. जवळचे लोक स्वतः घाबरलेत का. धमकी देणारा प्रत्येक जण धोकादायक नसतो आणि खरा धोकादायक माणूस कधी तोंडातून शब्दही काढत नाही, म्हणून "त्यानं धमकी दिली का" इथंच अडकून पडू नका, तो काय करतोय ते पाहा.

रागात बोलला, विचारल्यावर वरमला, समोरच्याला बरं वाटेल असं काही करायला तयार झाला, तर ते प्रकरण हलकं, नोंद करून लक्ष ठेवायचं. बोलणं परत परत, ठराविक माणसाबद्दल, आणि सोबत तयारी, तर ते भारी, त्याच दिवशी पोलीस. मधलं असेल, कळत नसेल, तर भारी धरून चालायचं आणि अजून माहिती काढायची.

पोराशी बोलणं

प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाच जण समोर बसवून, "काहून रे, लाज नाही वाटत?" असं सुरू केलं की बोलणं संपलं, आणि वरून आता त्याला कॉलेजचाही राग. ज्याचा तो थोडाफार मान ठेवतो अशा एकानं बोलायचं, दुसरा शांत बसून नोंद घेईल. दाराजवळची खुर्ची बोलणाऱ्याची, पाणी ठेवा. तक्रार कोणी केली ते सांगायचं नाही, "आम्ही स्वतः पाहिलं की तू वर्गात येत नाहीस" इथून सुरुवात.

"घरी कसं चाललंय?"

"ठीक हाय सर."

"सोयाबीनचं काय झालं यंदा?"

यावर तो बोलतो, बहुतेक पोरं बोलतात. मग हळूहळू त्या मुलीवर यायचं, "तिनं नाही म्हटलं, त्यानंतर तुले काय वाटलं, काय करावंसं वाटलं?" सरळ विचारा की कोणाला किंवा स्वतःला इजा करायचा विचार मनात येतो का. असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोरं रडतात. पण माया दाखवताना सीमा धूसर ठेवू नका. आजपासून मेसेज बंद, फोन बंद, साडेचारला स्टँडवर दिसायचं नाही, हे त्याच बैठकीत, स्पष्ट, लेखी.

प्लॅन दोघांचाही

मुलीसाठी: सोबतीला कोण, कोणती गाडी, गाडी चुकली तर कुठं थांबायचं, फोन लागला नाही तर कोणाच्या दुकानात जायचं. बॅच बदलायची तर त्याची बदला, तिची नको. प्रॅक्टिकल, लायब्ररी, गॅदरिंग, तिचं एकही सुटायला नको.

पोरासाठी: एक शिक्षक जो आठवड्यातून एकदा त्याला भेटेल, राहिलेल्या विषयांचं काय करता येईल ते पाहणं, समुपदेशक, दारू असेल तर त्याचा उपचार, आणि घरातला तो एक माणूस ज्याचं तो ऐकतो. गुन्हेगाराचे लाड कशाला, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच. मला हे लाड वाटत नाहीत, ज्याच्याकडं गमावण्यासारखं काही उरलं आहे तो थांबण्याची शक्यता जास्त असते, आणि मुलीची सुरक्षा त्यावर उभी आहे.

पोलीस आणि कायदा, कामापुरता

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, परत परत संपर्क करणं, ऑनलाइन पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, परत केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. लैंगिक छळ कलम ७५, धमकी कलम ३५१. पण नीट समजून घ्या, ७८ चा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे सकाळी उचललेला पोरगा संध्याकाळी बाहेर असू शकतो, आणि आता तो जास्त चिडलेला. म्हणून एफआयआर करताना पुढच्या आठवड्याचा बंदोबस्त त्याच बैठकीत ठरवा. सुटल्यावर पोलिसांनी कॉलेजला आणि मुलीला कळवावं अशी लेखी विनंती द्या, आणि शांतता राखण्याचा बाँड भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली घेता येईल का ते ठाणेदारांना विचारा.

"हे आमच्या हद्दीत नाही" ऐकावं लागलं तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. घेतच नसतील तर तक्रार लेखी, पोस्टानं एसपींकडं. दामिनी पथकाचा (मुलींच्या सुरक्षेसाठीचं पोलीस पथक) आणि बीट अंमलदाराचा (आपल्या भागाचा पोलीस) नंबर आधीच घेऊन ठेवा, त्यांना वर्षातून एकदा भाषणाला बोलावता तेव्हा चहाच्या वेळी टीमशी ओळख करून द्या.

रॅगिंगला वेगळी घाई आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणं कळल्यापासून २४ तासांत एफआयआर, शिवाय महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग बंदी कायदा आहेच, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडं तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, चौकशी ९० दिवसांत, समिती चालू असताना पोलिसांकडं जायला कोणतीही आडकाठी नाही.

तंटामुक्त समितीबद्दल स्पष्ट बोलतो. २००७ ला ही मोहीम सुरू झाली, बांधाचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद तिनं मिटवले, मान आहे. पण पाठलाग, धमकी, छेडछाड तिथं न्यायची नाही. तिथं काय होतं, शंभराच्या स्टॅम्पवर माफीनामा, चार लोकांसमोर कान पकडणं, आणि पोराच्या मनात अपमान जास्तीचा. कधी तर "लग्नच लावून द्या" हाच तोडगा निघतो. कॉलेजनं त्या बैठकीला आपला माणूस पाठवून मान्यता देऊ नये.

काढून टाकलं, मग?

कॉलेजातून काढलं की संस्थेला सुटल्यासारखं वाटतं. खरं तर त्या दिवसापासून तुम्हाला तो दिसायचा बंद होतो आणि त्याच्याकडं दिवसभर मोकळा वेळ येतो. काढणं भाग असेल तर काढा, पण निरोपाचं बोलणं त्याच शिक्षकानं करावं ज्याच्याशी तो बोलतो, पुढं कुठं प्रवेश, कुठं काम हे विचारावं, फोन चालू ठेवावा. टीसी आणि मार्कशीट घ्यायला तो येईल तो दिवस आणि वेळ तुम्ही ठरवा, वर्ग सुटायच्या वेळी नको, सुट्टीच्या दिवशी बोलवा किंवा घरच्या माणसाच्या हातात द्या. त्या दिवशी मुलीला सांगून ठेवा. दुसऱ्या कॉलेजात गेला तर तिथल्या प्राचार्यांशी फोनवर बोलून घ्या, चारित्र्याच्या दाखल्यावर शेरा मारून त्याचा रस्ता बंद करण्यापेक्षा हे कामाचं.

फाइल आणि परत परत पाहणं

प्रत्येक प्रकरणाची एक फाइल, कुलपात, किल्ली दोघांकडं. डाव्या बाजूला पाहिलेलं-ऐकलेलं, कोणी, कधी. उजव्या बाजूला आपला अंदाज. दोन्ही एकत्र लिहिले की महिन्याभरानं अंदाजच खरा वाटायला लागतो.

सुरुवातीला दर आठवड्याला पाहा, निवळलं की महिन्याला. काही तारखा मात्र आधीच वहीत लिहून ठेवा, निकालाचा आठवडा, गॅदरिंग, गणपती आणि दुर्गोत्सवाची मिरवणूक, फेब्रुवारीतला व्हॅलेंटाइनचा आठवडा, कोर्टाची तारीख, आणि त्या मुलीचा साखरपुडा ठरला असेल तर तो दिवस, कारण बातमी गावात पोचते आणि शांत झालेला पोरगा त्या आठवड्यात परत स्टँडवर येऊन बसू शकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत टीममधल्या कोणाचा फोन चालू राहील ते एप्रिलमध्येच ठरवा. फाइल बंद करायची ती "बरेच दिवस काही झालं नाही" म्हणून नाही, तर मुलीला विचारून, तिच्या मैत्रिणीला विचारून, पोराच्या त्या एका माणसाला विचारून, आणि गेटवरच्या भाऊंना विचारून, तो साडेचारला कुठं असतो आजकाल.